पाचव्या खिळ्यावरचं लाल कार्ड

१

“माझं कार्ड खिळ्यावर राहू देऊ नकोस, झूरा. जाळून टाक. आणि माझ्या नावाआड कुणाला लपू देऊ नकोस. मेलेल्या माणसाच्या पाठीमागे लपायला फार जागा असते.”

बुरुलचा हे म्हणाली तेव्हा ती बटाटे सोलत होती. मी म्हटलं, “आधी बटाटे सोल. मरायचं नंतर बघू.” तिनं सुरी खाली ठेवली. “वचन दे.”

“दिलं बाई, दिलं.”

नऊ दिवसांनी त्याच स्वयंपाकघरात, त्याच स्टुलावर, तिचं हृदय थांबलं. डिसेंबर सरत आला होता आणि नारिन नदीचे काठ गोठून पांढरे पडले होते.

आम्ही दोघी तिसरीपासून एका बाकावरच्या. पुढं ती जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात अक्षरं जुळवायला लागली, मी शाळेत भाषा शिकवायला. वर्तमानपत्र बंद पडलं. त्यानंतर काही वर्षांनी तिनं घराच्या मागच्या खोलीत ‘जार्ची’ सुरू केलं. जार्ची म्हणजे दवंडी पिटणारा. कागद नाही, छपाई नाही. आमच्या गावच्या बातम्या संगणकावर लिहायच्या आणि लोकांनी फोनवर वाचायच्या. पगार कुणालाच नव्हता. आम्ही पाच जण होतो, आणि भिंतीवर एक फळी, तिला पाच खिळे, प्रत्येक खिळ्यावर एक वार्ताहराचं कार्ड. बातमीला निघताना कार्ड गळ्यात घालायचं, परतल्यावर खिळ्यावर टांगायचं. रिकामा खिळा दिसला की समजायचं, आपलं कुणीतरी बाहेर आहे.

चार कार्डं फोटोच्या दुकानात बनवलेली, प्लास्टिकची, बुरुलचाच्या सहीची. पाचवं तिचं स्वतःचं. जुन्या वर्तमानपत्राचं, लाल पुठ्ठ्याचं, खऱ्या शिक्क्याचं.

फळीखाली तिच्या हातची पाटी होती : खूण ज्याची, जाब त्याचा.

तिला माती दिली त्या दिवशी मी कार्ड जाळायला मागच्या खोलीत गेले. पाचवा खिळा रिकामा होता.

सगळं घर शोधलं. कपाटं, गाद्यांखाली, पिठाचा डबा, तिच्या कोटाचे खिसे. कार्ड नव्हतं. पुढं चाळीस दिवस मी रोज ती खोली उघडत होते, आणि रोज तो रिकामा खिळा मला सांगत होता : आपलं कुणीतरी बाहेर आहे.

२

चाळिसावा झाला. घोडा कापला, कुराण वाचून झालं, लोक जेवून गेले. तो शनिवार होता. मंगळवारी मला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं.

कॅप्टन जेक्शेन माझा विद्यार्थी. सहावीत असताना स्वल्पविराम कुठे द्यावा हे त्याला कधी कळलं नाही. मला पाहून तो उठला, खुर्ची पुसली आणि थोरल्या बहिणीला म्हणतात तसं मला एजेके म्हणाला.

“बसा एजेके. चहा?”

“रोजा आहे माझा, बाळ. मंगळवार.” बुरुलचा गेल्यापासून मंगळवारचा रोजा मी तिच्यासाठी धरते.

त्यानं एक कागद पुढं सरकवला. “ही बातमी काल, सोमवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी जार्चीवर आली. ओळखता?”

ओळखत होते. नदीपलीकडच्या शाळेच्या बॉयलरखान्यात डिसेंबरच्या सुरुवातीला धूर कोंडला आणि भट्टीवाला कुबात गुदमरून मेला. सव्वीस वर्षांचा पोरगा. चौकशी समितीनं म्हटलं, दारू पिऊन झोपला होता. या बातमीत लिहिलं होतं की धुराड्याला तडा गेल्याचं ठेकेदार दूतोवला ऑक्टोबरातच कळवलं होतं, आणि मंगळवारी समितीच्या बंद बैठकीत अभियंत्यानं ते स्वतः कबूल केलं. वर नाव : बुरुलचा.

“हे मीच शुद्ध केलं,” मी म्हटलं. “तिचे अर्धवट मसुदे राहिलेत. पहाटेची नमाज झाली की रोज एक शुद्ध करते. तिच्या नावानं तेवढंच. संगणकावर खूण केली की मजकूर तिच्या नावाच्या खणात जातो. तिथंच पडून राहतो. ती असताना ती दुसऱ्यांदा वाचायची आणि मगच सोडायची.”

“शुद्धलेखन हा काही गुन्हा नाही एजेके,” तो हसला. “नाही तर मला तुम्ही कधीच जन्मठेप दिली असती.” मग हसू मावळलं. “दूतोवनं तक्रार दिलीय. खोटी बातमी, बदनामी. जार्चीची कुठं नोंदणी नाही. मग मी कुणाला धरू? संपादक मेलेली. राहता राहिला तो माणूस, ज्याच्या नावावर तुमचा तो इंटरनेटवरचा पत्ता आहे.”

 पत्ता सुयुमकानच्या नावावर होता. आमच्या पाचांतली, रुग्णालयातली नर्स. दोन लहान मुलं, नवरा रशियात. पत्ता घेताना तिनं आणि बुरुलचानं हसत हसत तिचा फोन नंबर घातला होता, कारण बुरुलचाला स्वतःचा पाठ नव्हता.

“गुन्हा लागला तर तिची नोकरी जाईल,” मी म्हटलं.

“नोकरी गेली तर सुटली म्हणायचं. मला एक माणूस हवाय, एजेके. छापणारा. शुक्रवारी दुपारी मी कागद वर पाठवणार. तोवर नाव मिळालं तर त्याचं, नाही तर तिचं.”

मी उठले. दाराशी पोचले तेव्हा तो हळूच म्हणाला, “ती बंद बैठक कधी झाली, माहितेय?”

“डिसेंबरात असेल.”

“जानेवारीच्या अठ्ठावीस तारखेला.” त्याचा आवाज उतरला. “आणि दाराच्या वहीत नोंद आहे. जार्ची. लाल कार्ड. बुरुलचा. महिनाभर मातीत असलेली बाई त्या बैठकीला येऊन बसली होती.”

३

समितीच्या इमारतीचा पहारेकरी सागिन सत्तरीचा; सगळे त्याला बाइके, म्हणजे दादा, म्हणतात. शेगडीजवळ बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. मला पाहताच त्यानं कानटोपी काढली.

“मला ठाऊक होतं तू येशील, झूरा. मी कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा.”

“काय पाहिलंत बाइके?”

“आली. गुपचूप. उंटाच्या रंगाचा कोट, तिसरं बटण पितळेचं. तोच कोट. अख्ख्या नारिन गावात तसं बटण दुसऱ्या कुणाच्या कोटाला आहे का? लाल कार्ड पुढं धरलं. मी वहीत लिहिलं आणि बाजूला झालो.”

“तोंड पाहिलंत?”

“अर्बाकच्या तोंडाकडे बघतात का कुणी?” त्यानं दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. “मेलेलं माणूस काही मागायला आलं तर नाही म्हणू नये. माझी आजी सांगायची. शेवटच्या खुर्चीवर बसली, डोक्यावरून शाल. हूं की चूं नाही. उठून गेली.”

“पण आदल्याच आठवड्यात तुम्ही आमच्या जार्चीच्या तालायला दारातून हाकललंत म्हणे.”

“हुकूम होता! नोंदणी नसलेल्या जागेचं कार्ड चालणार नाही.”

“तिचंही कार्ड त्याच जागेचं ना?”

सागिन बाइकेनं थोडा विचार केला. “मेलेल्यांबद्दल हुकूम नाही,” तो म्हणाला.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. बाहेर पडले, नदीच्या पुलावर उभी राहिले. खाली बर्फाच्या कडांमधून काळं पाणी चाललं होतं. अल्लाह माफ करो, क्षणभर मला वाटलं, ती खरंच आली असेल. मी कार्ड जाळलं नाही, म्हणून.

मग पितळी बटण आठवलं. आणि तो कोट शेवटचा कुणाच्या हातात पाहिला, तेही आठवलं. माझ्याच.

४

आमच्यात मृत बाईला अंघोळ घालणाऱ्या बायकांना तिचे कपडे वाटतात. त्याला मुचो म्हणतात. त्या दिवशी वाटप मी केलं. शाल मी ठेवली, मखमली जाकीट तिच्या नणंदेला दिलं. कोट दिला आयिमबुबूला. खिसे तपासूनच.

आयिमबुबू आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना शेवटची अंघोळ घालते. कुबात तिचा एकुलता एक मुलगा. त्याला मात्र तिला अंघोळ घालता आली नाही. पुरुषाला पुरुषच घालतात. ती बाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत होती.

तिच्या दारात मी पाय ठेवला तेव्हा तेलाचा वास आला. ती तोकोच तळत होती. लहान गोल पोळ्या, सात. गुरुवार-शुक्रवारी मृतांसाठी आम्ही असा वास काढतो. त्यांना जेवण पोचत नाही, वास पोचतो.

“आज तर बुधवार, आयिम.”

“माझ्या पोराची भूक वार बघत नाही. बस.”

कोट दाराशी लटकत होता. मी काही विचारलं नाही. तिनं हात पुसले, कोटाच्या अस्तरात आतून हात घातला आणि लाल कार्ड चटईवर ठेवलं.

“खिशाला भोक होतं,” ती म्हणाली. “आत घसरलं होतं. कड शिवताना बोटाला कडक लागलं. मला वाटलं, तिनंच धाडलं. कुबातची बातमी तिची अर्धी राहिली होती ना.”

“तालायनं सांगितलं बैठकीचं?”

तिनं कढईतला तोकोच उलटला. मग म्हणाली, “मी आपली आपण गेले असं म्हण. म्हातारीला कोण धरणार?”

“आत काय झालं, आयिम?”

तिनं डोळे मिटले आणि सांगायला लागली. सांगितलं नाही, गायली. मृताच्या घरी आमच्या बायका रडगाणं रचतात तसं, सात-आठ अक्षरांच्या ओळी, दर ओळीचं पहिलं अक्षर मागच्या ओळीच्या पहिल्या अक्षराला धरून. तडा गेला ऑक्टोबरात, तसं कळवलं दूतोवला, तो म्हणाला पुढच्या वर्षी. एक शब्द इकडचा तिकडे नाही. लिहिता येत नाही तिला. पण ऐकलेलं गाण्यात बसवलं की ते तिच्याकडून जात नाही.

मी हातातली चहाची वाटी खाली ठेवली. सोमवारी पहाटे मसुदा शुद्ध करताना मला हाच ताल लागला होता. बातमीत हुंदक्याचा ताल. आजारी होती बिचारी, म्हणून असं लिहिलं असेल, असं म्हणून मी वाक्यं मोडली होती. आणि आणखी दोन गोष्टी दुरुस्त केल्या होत्या. आमच्या लिपीत तीन अक्षरं अशी आहेत, जी रशियन कळफलकावर नाहीत. घाईतले लोक त्यांच्या जागी जवळची अक्षरं दाबतात. आयुष्यभर शिशाची अक्षरं जुळवलेल्या बुरुलचानं ही चूक तापातसुद्धा केली नसती. त्या मसुद्यात ती चाळीस ठिकाणी होती. आणि शाळेचा पत्ता लिहिला होता : तिसऱ्या थांब्यामागे.

गल्लीला नाव असताना ती थांब्यावरून ओळखणारा माणूस नारिनमध्ये एकाच धंद्यातला असतो.

५

तालाय प्रवासी गाडी चालवतो आणि आमच्यासाठी फोटो काढतो. गुरुवारी दुपारी मी तिसऱ्या थांब्यावर चढले, त्याच्या मागच्या सीटवर बसले.

“या या झूरा एजे! आज पुण्य कमवायला कुठं निघालात? जन्नतपर्यंत गाडी जात नाही, बाजारापर्यंत सोडतो.”

“तालाय, फोनवर आपली अक्षरं का टाकून घेत नाहीस रे? तिसरीतली पोरं टाकतात.”

आरशात त्याचे डोळे दिसले.  शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. त्यानं इंजिन बंद केलं.

“मी तिला फक्त गेटापर्यंत सोडलं,” तो म्हणाला. “मला हाकललं होतं, एजे. त्या प्लास्टिकच्या कार्डाकडे बघून हसले. म्हणाले, ‘बर्फगाड्याच्या शर्यतीचं तिकीट आहे का हे?’ मी आयिम अपाला सांगितलं, आत तुझ्या पोरावर दारू ओतणार आहेत. मग तिनं ते लाल कार्ड काढलं. मी काय करणार?”

“मग टंकलंस.”

“ती गात होती, मी दाबत होतो. दोघं रडत होतो. अक्षरं कुणाला दिसतात तेव्हा?”

“आणि नाव बुरुलचाचं?”

“तिच्या मसुद्यांत टाकलं. मेलेल्या बाईवर कोण खटला भरतो? ती नेहमी म्हणायची, बोट दाखवायचं तर माझ्याकडे दाखवू देत.” त्यानं चाकावर कपाळ टेकलं. “पण छापलं मी नाही. कुराणशपथ! आज गुरुवारच्या बैठकीत तुम्हा सगळ्यांना दाखवणार होतो. सोमवारी फोन उघडला तर गावभर झालेलं. मला वाटलं… हसू नका हं. मला वाटलं, तिनंच सोडली.”

“सात वाजून बारा मिनिटांनी तू कुठं होतास?”

“पुलावर. चौदा माणसं गाडीत. विचारा कुणालाही.”

मी मान हलवली. लिहिणारा सापडला होता. छापणारा नाही. आणि जेक्शेनला छापणाराच हवा होता.

६

गुरुवारची बैठक बुरुलचाच्या मागच्या खोलीतच झाली. तिच्या रबरी गालोशा, चिखलात घालायचे जोडे, दाराशी तशाच होत्या; त्या हलवायचा धीर अजून कुणाला झाला नव्हता. खोली थंड. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

सुयुमकान ड्युटीवरून थेट आली होती, धाकटीला कडेवर घेऊन. इशेनबेक बाइके आधीच येऊन बसले होते. चाळीस वर्षं नोटरीच्या कचेरीत कारकुनी केलेले. आमच्या जार्चीचे कायदेपंडित. प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करतात.

मी सगळं सांगितलं. कार्ड, कोट, गाणं. तालायनं मान खाली घातली.

“म्हणजे छापणारी मी उरले,” सुयुमकान म्हणाली. “सोमवारी सात वाजता मी वॉर्डात चार्ज देत होते. पण कोण ऐकणार? एजे, तुमचाही संशय आहे का माझ्यावर?”

“नाही गं पोरी.”

“असला तरी चालेल. निदान कुणीतरी विचारलं तरी. बाकी सगळे माझ्याकडे असं बघतायत जणू मी आत्ताच आत गेलेय.” धाकटीनं तिच्या गळ्यातला स्टेथोस्कोप तोंडात घातला. तिनं तो काढला नाही.

“बाइके, तुम्ही?” मी विचारलं.

तालाय मध्येच बोलला, “इशेनबेक बाइके? त्यांचा फोन अजून बटणांचा आहे. त्यावरून फक्त शिव्या जातात.”

“मूर्खा,” बाइकेंनी घसा साफ केला. “उलट मी तर सगळ्यांची सोय पाहिली. चाळिसावा झाला त्याच संध्याकाळी मी याला सांगितलं, मयताचं नाव संपादकाच्या यादीतून काढ. मेलेल्या माणसाच्या नावावर अधिकार ठेवणं कायद्यानं बरं नाही. उद्या कुणी विचारलं तर?”

“काढलं मी,” तालाय म्हणाला. “लगेच.”

 पाचवा खिळा माझ्यासमोर होता. मी ऐकलं ते माझ्याच आवाजात, पण फार दुरून :

“नाव काढलंस, तेव्हा तिच्या खणाचं काय झालं?”

“खण? खण तिच्या नावाचाच होता. नाव गेलं, खण गेला.”

“मग मी खूण केल्यावर मजकूर कुठं जातो?”

तालायनं फोन काढला. पाहिलं. त्याचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला.

“एजे…”

“सांग.”

“कुठंच जात नाही. तुमच्यानंतर वाचणारं कुणी उरलंच नाही ना. थेट… थेट गावाकडे जातो.”

आमच्याकडे फेब्रुवारीत पहाटेची नमाज पावणेसातला होते. त्यानंतर कुराणातलं यासीन वाचायला मला वीस मिनिटं लागतात. त्यानंतर एक मसुदा. पुढच्या मसुद्याला अजून खूण केली नव्हती, पण तो मसुदा अर्धा मी आदल्या दिवशीच शुद्ध करून ठेवला होता. उरलेली ओळ, शेवटचा पूर्णविराम. खूण.

सात वाजून बारा मिनिटं.

चाळीस दिवस मी त्या रिकाम्या खिळ्याला घाबरत होते. आणि बाहेर असलेलं ते आपलं कुणीतरी मीच होते. कोट मीच दिला. चुका मीच पुसल्या. तिच्या नावाआड, तिच्याच मसुद्याच्या आडोशाला, सगळ्यांत आरामात मीच उभी होते. रोज सकाळी, हातपाय धुऊन, वजू करून.

७

इशेनबेक बाइके सगळ्यांत आधी सावरले.

“ऐक झूरा. हे या चौघांपलीकडे जायचं कारण नाही. यंत्रात फक्त ‘जार्ची’ दिसतं, कुणाचं बोट होतं ते दिसत नाही. वर बुरुलचाचं नाव आहे, ते राहू दे. तिला काय त्रास आता? आणि सुयुमकान तरुण आहे, मुलं आहेत, दया करतील. समज देऊन सोडतील कदाचित.”

“कदाचित,” सुयुमकान म्हणाली. एवढंच. धाकटीचं नाक पुसलं.

“तुझी साठी झाली. गुडघे कसे आहेत तुझे, माहितेय ना? शिवाय तू मुद्दाम केलं नाहीस. नियत नव्हती. धर्मातसुद्धा हेतूवरच सगळं असतं, तूच सांगतेस.”

“पाटी वाचा बाइके,” मी म्हटलं.

त्यांनी वाचली नाही. ती पाठ होती सगळ्यांना.

तालाय उठून उभा राहिला. “मग मीही येतो. टंकलं मी.”

“तू उद्या सकाळची फेरी चालव. लोक थांब्यावर उभे असतात. जे सांगायचं ते विचारल्यावर सांग, खरं सांग. आणि तोवर फोनवर ती अक्षरं टाकून घे.”

तो हसला नाही. नाक ओढलं मात्र जोरात.

निघताना सुयुमकान दाराशी थांबली. मला वाटलं काही बोलेल. तिनं माझा हात घेतला आणि नाडी पाहिली. नर्सेस करतात तसं, सवयीनं. “फार जोरात चाललीय, एजे.”

“चालू दे,” मी म्हटलं.

८

शुक्रवारी पहाटेची नमाज झाल्यावर मी मसुदा उघडला नाही. कढई ठेवली. सात तोकोच थापले, एकेक सोडला. तेलाचा वास खिडकीतून गल्लीत गेला, आणि मी नावं घेतली : आई, वडील, माझा नवरा, बुरुलचा. मग कुबात. आजवर माझ्या यादीत तो नव्हता.

“तू म्हणालीस जाळ,” मी वाफेशी बोलले. “जाळीन. आधी जेक्शेनला दाखवते. कोट कुणी घातला ते आयिम स्वतःच्या तोंडानं सांगणार आहे, काल तिनं निरोप धाडला. गाऊनच सांगणार, ऐकायला त्याला वेळ काढावा लागेल. त्यालाही कधीतरी पूर्णविरामापर्यंत ऐकायची सवय लागू दे.”

तोकोच शेजाऱ्यांना वाटले. रिवाजच आहे, वास मृतांचा, पोळी जिवंतांची. सहा घरं झाली. सातवा मी रुमालात बांधला. तुरुंगात असो वा ठाण्यात, दुपारी कुणालातरी भूक लागतेच.

मग मागच्या खोलीचं कुलूप उघडलं. लाल कार्ड खिशात होतं. मी हात लावून पाहिलं, खिशाला भोक नव्हतं. दुसऱ्या खिळ्यावरून माझं प्लास्टिकचं कार्ड काढलं. चार वर्षांत मी ते एकदाही गळ्यात घातलं नव्हतं. शुद्धलेखन करणाऱ्या बाईला कार्ड कशाला, असं म्हणायची मी. आणि बुरुलचा म्हणायची, लागेल कधीतरी. फोटोत मी डोळे मिटलेली आहे. खाली तिची सही, वाकडी, ठसठशीत.

कार्ड शालीच्या वरून गळ्यात घातलं, नाव दिसेल असं. आता फळीवर दोन खिळे रिकामे होते.

दाराशी तिच्या गालोशा होत्या. बाहेर बर्फ चिखलासारखं झालेलं, माझ्या जुन्या बुटांत पाणी जातं. मी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत उभी राहिले. मग बिस्मिल्लाह म्हटलं, त्यांत पाय घातले, आणि कुलूप न लावता ठाण्याच्या रस्त्याला लागले.